शेवटच्या कडव्यातले नाव

आमच्या मुलखातील कवींना एक जुनी खोड आहे. गाणे संपता संपता ते आपले नाव त्यात गुंफून ठेवतात. पैठणच्या नाथांचा अभंग ऐकावा, तर अखेरीस ‘एका जनार्दनी’ येणारच. अठराव्या शतकात याच औरंगाबादेत सिराज औरंगाबादी होऊन गेले. त्यांच्या गझलेच्या शेवटच्या शेरात ‘सिराज’ हजर. छापखाना नव्हता, तेव्हा कवीजवळ मालकीचा दुसरा दाखला तरी कोणता असणार? छापखाने आणि रेकॉर्डी घरोघर पोचल्यावरही ही रीत ज्यांनी मनापासून चालवली, त्या वामनदादा कर्डकांविषयी मला चार शब्द लिहावयाचे आहेत.

दादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा, नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात, देशवंडी गावी. शाळा वाट्याला आलीच नाही. पोटासाठी मुंबई गाठली. कोळशाच्या वखारीत राबले, खडी फोडली, चिक्की विकली. तिथे कुणीतरी एक पत्र वाचून दाखवायला त्यांच्या हाती दिले आणि या उमद्या तरुणाला ते वाचता येईना. ती लाज त्यांच्या जिव्हारी लागली. मग एका मास्तरांकडून मुळाक्षरे गिरवून घेतली, आणि रस्त्याने जाताना दुकानांच्या पाट्या जोडून जोडून वाचण्याचा सपाटा लावला. मी पेशाने शिक्षक. पाट्यांवर शिकलेला असा विद्यार्थी माझ्या वर्गाला अजून लाभलेला नाही!

१९४३ साली त्यांनी पहिले गाणे रचले. तेही एका हिंदी गाण्याच्या चालीवरचे विडंबन. पुढे बाबासाहेबांचा विचार हाच त्यांच्या गाण्याचा विषय झाला. (बाबासाहेबांच्या चळवळीत १९३० नंतर जलसे गाजवणारे भीमराव कर्डक ते निराळे, आडनावामुळे पुष्कळांची गफलत होते.) स्वतः रचायचे, स्वतःच गायचे, आणि या गावाहून त्या गावाला निघायचे, असा हा संसार. परदेशात गिटार घेऊन स्वतःची गाणी गाणाऱ्यांची मोठी कौतुके होतात. आमचे दादा ढोलकीच्या साथीवर वस्तीवस्तीतून गात फिरले, आणि मुक्काम पडेल तिथली भाकरी खाल्ली.

त्यांच्या रचनेचे मर्म, माझ्या मते, उशिरा आलेल्या अक्षरात आहे. हा कवी कानाने घडला होता. शब्द रोजच्या बोलण्यातले, यमक ठसठशीत, चाल ओळखीची. त्यामुळे संध्याकाळी ऐकलेले गाणे सकाळी दळण-कांडण करणारी बाई बिनचूक म्हणू शके. गाणी हजारोंनी झाली, पण पुस्तके उशिराच आली: १९७३ साली ‘वाटचाल’, १९७६ साली ‘मोहोळ’, १९७७ साली ‘हे गीत वामनाचे’. तोवर गाणी तोंडोतोंडीच फिरत होती.

आणि तोंडोतोंडी फिरणाऱ्या गाण्याचा धनी फार लवकर हरवतो. गाणारे पहिली दोन कडवी घेतात, वेळ संपला की थांबतात. ‘वामन’ असतो शेवटच्या कडव्यात. जयंतीच्या मिरवणुकीत ध्वनिक्षेपकावर गाणे वाजते, पोरे नाचतात, आणि गाणे कुणाचे म्हणून विचारावे तर गायकाचे नाव सांगतात. काही शहाणी माणसे तर ‘ते परंपरागत आहे’ म्हणून मोकळी होतात. लोकांनी गाणे इतके आपले केले, हा कवीचा गौरव, असे म्हणण्याची पद्धत आहे. मला ती पटत नाही. ज्या माणसांच्या वाडवडिलांची नावे कुठल्या बखरीत आली नाहीत, त्यांच्यातल्या एकाने आपले नाव गाण्यात कोरून ठेवले. ते गाळून उरलेले गाणे तेवढे उचलणे, याला गौरव कसे म्हणावे?

नावाची किंमत काय असते, हे आमच्या शहराने तर जवळून पाहिले आहे. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला, आणि मराठवाड्यात दलितांची घरे पेटली, माणसे मारली गेली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. मधल्या सोळा वर्षांत मोर्चे निघाले, सभा झाल्या, आणि सभेपूर्वी माणसे जमवण्याचे काम गाण्यांनी केले. त्यांत वामनदादांची गाणी असत. आजही दर वर्षी त्या तारखेला विद्यापीठाच्या दरवाजापाशी ती ऐकू येतात.

१५ मे २००४ रोजी नाशिकला दादा गेले. माझ्या वर्गातली मुले स्नेहसंमेलनासाठी त्यांचे गाणे बसवतात, तेव्हा मी एकच अट घालतो: वेळ कमी पडला तर मधले कडवे गाळा, शेवटचे नाही.