उधारीची वही आणि परत न येणारा पेशंट

समजा, गडचिरोली जिल्ह्यातल्या एखाद्या बाजाराच्या गावात एक छोटा खासगी दवाखाना आहे. ऑगस्ट महिना. एक बाई तापाने फणफणलेलं पोर घेऊन येते. डॉक्टर तपासतात, गोळ्या देतात. पैसे? "धान निघालं की देईन." डॉक्टर वहीत नाव लिहितात. आता तुम्ही सांगा, पंधरा दिवसांनी पोराला पुन्हा ताप आला तर ती बाई त्याच दवाखान्यात येईल का?

माझ्या मते बुडालेल्या बिलाचा खरा प्रश्न इथे आहे. छोट्या दवाखान्यात डॉक्टरला 'तू येऊ नकोस' असं सहसा म्हणावंच लागत नाही. वहीतली बाकीच ते काम करते. पेशंट लाजेने स्वतःच येणं थांबवतो.

आधी पैशाचं वेळापत्रक बघू. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं, मे महिन्यात तेंदूपत्ता, आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये धानाची कापणी. घरात रोकड येते ती साधारण याच दिवसांत. मलेरिया मात्र पावसाळ्यात वाढतो, म्हणजे रोवणीच्या काळात, जेव्हा हात रिकामा असतो. त्यामुळे इथली उधारी म्हणजे दर वेळी बुडवेगिरी नसते. आजार आणि पैसा वेगवेगळ्या महिन्यांत येतात, एवढंच.

नियम काय सांगतो? भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेनुसार कोणाला तपासायचं हे डॉक्टर ठरवू शकतो, पण तातडीच्या वेळी मदत करायलाच हवी. आणि एकदा केस हातात घेतली की पुरेशी पूर्वसूचना दिल्याशिवाय ती सोडता येत नाही. 2 ऑगस्ट 2023 ला राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नवे नियम आणले. त्यात आधी सांगितलेली फी मिळाली नाही तर उपचार नाकारण्याची मुभा स्पष्ट लिहिली होती. सरकारी डॉक्टर आणि तातडीचे रुग्ण यांना ती लागू नव्हती, शिवाय रुग्णाला वाऱ्यावर सोडायचं नाही अशी अटही होती. तीन आठवड्यांतच, 23 ऑगस्टला, ते नियम स्थगित झाले आणि 2002 चेच पुन्हा लागू झाले. पण दोन्ही नियम डॉक्टर काय करतो यावर बोलतात. लाजेने घरी बसलेल्या पेशंटबद्दल दोन्ही गप्प आहेत.

याच भागात दोन वेगळी उत्तरं शोधली गेली. पहिलं हेमलकशाचं. डिसेंबर 1973 मध्ये बाबा आमटे यांनी तिथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा गडचिरोली जिल्हा झालाही नव्हता. तो 1982 मध्ये चंद्रपूरमधून वेगळा निघाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तिथे मोफत उपचार केले. वहीच नाही, तर बाकी कुठून राहणार? पण खर्च संपला नाही, तो देणगीदारांनी उचलला. गावातला एकटा डॉक्टर असे देणगीदार आणणार कुठून?

दुसरं उत्तर सरकारचं. 2 जुलै 2012 ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्या टप्प्यात 8 जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात गडचिरोली होतं. पात्र कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचं संरक्षण. पुढे हीच महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना झाली. पण तिची रचना यादीतल्या शस्त्रक्रिया आणि मोठ्या उपचारांसाठी, तेही योजनेतल्या रुग्णालयांत. तापाची गोळी आणि तपासणीची फी त्यात बसत नाही. मोठ्या बिलाला सरकार उभं राहिलं, छोटं बिल वहीतच राहिलं.

आणि छोटं बिलच जास्त घातक ठरू शकतं. या पट्ट्यात सिकलसेल आहे, क्षयरोग आहे. दोन्हींत पेशंटने पुन्हा पुन्हा येणं हाच अर्धा उपचार. सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळतं, हे खरं. पण तिथे जायला सांगणारा माणूस अनेकदा हाच जवळचा डॉक्टर असतो. दोनशे रुपयांच्या बाकीपायी त्याच्याकडचा रस्ता तुटला, तर पुढचा रस्ताही दिसत नाही.

म्हणून वहीत नाव लिहिताना डॉक्टरने एक वाक्य मोठ्याने बोलायला हवं: "पैशाचं धान निघाल्यावर पाहू, पोराला मात्र परवा घेऊन ये." हिशोब आणि उपचार वेगळे आहेत हे डॉक्टरला ठाऊक असतं. त्या बाईला ते कोणीतरी सांगावं लागतं.