उत्तरेकडची खोली आणि गोठलेल्या पाई

भाजलेली पाई गोठवून ठेवायची आणि लागेल तेव्हा गरम करायची, ही सोय फ्रीजरने आणली असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात अमेरिकेतील न्यू इंग्लंडच्या गृहिणी घरात वीज येण्याच्या कितीतरी आधी हेच करीत होत्या.

धाग्याची सुरुवात मात्र इंग्लंडपासून करावी लागते. तिथे पाईचे कवच डब्याचेही काम करी. जुन्या पाककृतींत त्याला ‘कॉफिन’ म्हणत; तेव्हा या शब्दाचा अर्थ पेटी एवढाच होता. जाड कवचात मांस भाजायचे, वरच्या छिद्रातून वितळलेले लोणी ओतून हवेची वाट बंद करायची. हॅना ग्लास यांनी १७४७ च्या पाकग्रंथात यॉर्कशायरच्या नाताळ-पाईच्या भिंती भक्कम बांधायला सांगितले, कारण ती पेटीत घालून लंडनला भेट म्हणून धाडली जाई. सूचना गवंड्याला शोभेल अशीच!

न्यू इंग्लंडमध्ये टिकवण्याचे काम थंडीने पत्करले. विटांची भट्टी तापवायला बरेच लाकूड जाळावे लागे. ती एकदा तापली की शक्य तेवढे भाजून घेण्यातच शहाणपण. थँक्सगिव्हिंगच्या सुमारास म्हणूनच पाईंची रास तयार होई. हॅरिएट बीचर स्टो यांच्या ‘ओल्डटाउन फोक्स’ (१८६९) या कादंबरीत त्यांच्या साठवणीची खोली आहे: उत्तरेकडची, ऊन कधीच न शिरणारी, खिडकीच्या फटींतून हिम आत येणारी. तिथे दगडासारख्या गोठलेल्या पाई हिवाळाभर पुरत; काही तर एप्रिलपर्यंत टिकत. कादंबरी असली, तरी तिला आधार स्टो यांच्या पतीच्या मॅसॅच्युसेट्समधील बालपणीच्या आठवणींचा आहे. या साऱ्या बेगमीची भिस्त हवामानावर होती. मध्येच ऊब आली, तर वितळलेले पाणी कवचात मुरून त्याचा लगदा होणार आणि आतले मांस नासणार.

पुढची पायरी लॅब्राडॉरची. १९१२ नंतर तिथे राहिलेल्या क्लॅरेन्स बर्ड्सआयने पाहिले, की इनुइटांनी कडाक्याच्या वाऱ्यात झटपट गोठवलेला मासा कित्येक दिवसांनीही ताजा लागतो. झटपट गोठताना बर्फाचे स्फटिक बारीक राहतात. सावकाश गोठताना ते मोठे होऊन पेशी फोडतात. १९३० मध्ये त्याचे गोठवलेले पदार्थ मॅसॅच्युसेट्समधल्याच स्प्रिंगफील्डच्या दुकानांत विक्रीस आले. १९५० च्या दशकारंभी स्वॉन्सन कंपनीची गोठवलेली चिकन पाईही बाजारात आली.

खरी कसोटी होती ती गरम करण्याची. गोठलेली पाई थेट तापलेल्या ओव्हनमध्ये गेली, तर आतले पाणी सुटण्याआधी कवच धरते. बाहेर ठेवून वितळू दिली, तर तळ ओला होतो. मायक्रोवेव्हने पेच वाढवला. तो पदार्थातील पाणी तापवतो, कवचाला खरपूसपणा देत नाही. यावर उपाय पाकिटातच बसवावा लागला: ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असलेला कागद, जो लहरी शोषून स्वतः तव्यासारखा तापतो आणि टेकलेले कवच भाजून काढतो.