मोजदादीची वही आणि रेडिओचा टॅग

गोदीत जहाजातून किती पोती उतरली हे एके काळी टॅली क्लार्कची वही सांगे. तो मोजून रेघा ओढी, आणि तंटा निघाला म्हणजे ती वही सर्वांसमोर उघडली जाई. आम्ही १९९० नंतर न्हावा शेव्याच्या वाऱ्या करू लागलो, तेव्हा तेथे पोत्यांऐवजी कंटेनर होते. पेटीवरचा नंबर टिपला की मोजदाद संपली. पुढे तो नंबर टिपण्याचे कामही रेडिओच्या टॅगाकडे जाऊ लागले.

या टॅगाचे मूळ युद्धात आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश विमाने रडारच्या लहरींना संकेताने उत्तर देऊन आपण स्वकीय असल्याचे कळवीत. १९४८ साली हॅरी स्टॉकमन यांनी परावर्तित लहरींवरून निरोप धाडण्याची कल्पना एका निबंधात मांडली. १९७३ साली मारिओ कार्डुलो यांना अमेरिकेत स्मरणशक्ती असलेल्या टॅगाचे पेटंट मिळाले. साध्या टॅगात बॅटरीसुद्धा नसते. वाचकयंत्राने लहर सोडली की तिच्याच बळावर तो जागा होतो आणि आपला नंबर परत धाडतो. बारकोडाप्रमाणे तो यंत्राच्या नजरेसमोर धरावा लागत नाही.

तथापि खोक्याखोक्यावर लावण्यास तो महाग होता. तो स्वस्त व्हावा म्हणून १९९९ साली एमआयटीत ऑटो-आयडी सेंटर निघाले. २००३ मध्ये वॉलमार्टने आपल्या शंभर बड्या पुरवठादारांस फर्मावले की, जानेवारी २००५ पासून खोक्यांवर व पॅलेटांवर टॅग हवेत. टॅगांचा खर्च पुरवठादारांच्या माथी! दुकानदाराचा हा हिशेब आम्हांस नवा नाही.

न्हावा शेव्यास २०१६ साली कंटेनरांवर असे टॅग लागू लागले. पेटी कोठे अडली हे मालवाल्यास घरबसल्या कळू लागले, ही सोय आम्ही नाकारीत नाही. पण पेटीबरोबर अडलेल्या माणसाचे काय?

एका खाजगी यार्डाच्या फाटकावर टॅग वाचणारे यंत्र होते. तेथे आमचा एक ट्रेलरचालक दोन दिवस ताटकळला. यार्डवाले म्हणाले, तोच उशिरा आला. आम्ही यंत्रातली वेळ मागितली. उत्तर आले, ती नोंद बाहेरच्यास दाखवीत नाहीत. चालकाचा दोन दिवसांचा भत्ता बुडाला.

पुढच्या मागणीपत्रात आम्ही एक कलम घातले: फाटकावर टॅग वाचला जाताच ती वेळ छापलेली चिठ्ठी चालकाच्या हाती द्यावी. भत्त्याच्या दरावर दोन बैठका झाल्या. चिठ्ठीचे कलम अद्याप चर्चेस आलेले नाही.