जम्मू आणि काश्मीर फौजदारी प्रक्रिया संहिता

जम्मू आणि काश्मीर फौजदारी प्रक्रिया संहिता, संवत १९८९ हा जम्मू-काश्मीर संस्थानात व पुढे त्या राज्यात ३० ऑक्टोबर २०१९ पर्यंत अमलात असलेला कायदा होय. नावातील १९८९ हे विक्रम संवताचे वर्ष आहे (इ.स. १९३२-३३), ते इसवी सन समजल्यास गल्लत होते.

भारताची १९७३ ची संहिता या राज्यास लागू नव्हती. पुनर्रचना अधिनियमानुसार ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी राज्याचे दोन केंद्रशासित प्रदेश झाले, जुन्या संहितेचे निरसन झाले आणि केंद्रीय संहिता लागू झाली.

प्रश्न उरला तो आधीच्या प्रकरणांचा. गुन्हा व शिक्षा कृत्याच्या वेळच्या कायद्यावरून ठरतात; संविधानाचा अनुच्छेद २०(१) तसे बंधन घालतो. कार्यपद्धतीला मात्र हे संरक्षण नाही. आरोपीस विशिष्ट कार्यपद्धतीचा निहित हक्क नसतो. म्हणून कायद्यात वेगळी तरतूद नसल्यास नवी पद्धत प्रलंबित प्रकरणांनाही लागू होते. येथे तशी तरतूद होती. अडचणी दूर करण्यासाठी काढलेल्या केंद्राच्या आदेशाने निरसित कायद्यांखालील तपास व कारवाई, जणू निरसन झालेच नाही अशा रीतीने, चालू ठेवली. राष्ट्रीय तपास संस्थेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये १९७३ ची संहिता येथे पूर्वलक्षी प्रभावाने लागू होत नाही, असे ठरविले. त्यामुळे ठरावीक फौजदारी कटांची दखल घेण्यापूर्वी शासकीय मंजुरीची जुन्या संहितेतील अट अशा प्रकरणांत टळत नाही.

१ जुलै २०२४ पासून दोन्ही प्रदेशांत भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम ५३१ नेही त्या दिवशी प्रलंबित असलेले तपास, खटले व अपिले १९७३ च्या संहितेकडेच ठेवली आहेत.