पहिलटकरणीचे पहिले अठ्ठावीस दिवस

मराठी घरांत मूल जन्मल्यानंतर पाचव्या वा सहाव्या रात्री सटवाईची पूजा होते. पाटा-वरवंटा मांडतात, कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, दिवा विझू देत नाहीत, आणि घरातील कोणी वडीलधारी बाई बाळंतिणीच्या उशाशी रात्रभर जागी राहते. सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचे नशीब लिहून जाते, अशी समजूत. लहानपणी आम्हाला या सोहळ्याचे कौतुकच वाटे. त्या जागण्यामागे भीती किती होती, हे कळायला पुष्कळ वर्षे जावी लागली.

आजच्या विषयाला इतिहास म्हणावे काय, अशी शंका कोणाच्या मनात आली तर नवल नाही. यात राजे नाहीत, लढाया नाहीत, तहनामे नाहीत. बाळंतिणीची खोली, बाज, शेगडी आणि दुपटे, एवढाच काय तो पसारा. परंतु माणसाच्या सबंध आयुष्यात मृत्यू जितका जवळ पहिल्या अठ्ठावीस दिवसांत असतो तितका पुढे म्हातारपणापर्यंत क्वचितच येतो. त्या दिवसांचे रक्षण कोणी केले, कसे केले, आणि कोणाच्या हाती ते ज्ञान होते, हा इतिहास नव्हे तर काय?

प्रथम त्या पाचव्या-सहाव्या रात्रीचेच पाहू. नवजात बालकाचा धनुर्वात हा आजार जन्मानंतर तिसऱ्या दिवसापासून दिसू लागतो आणि त्याचा भर पहिल्या आठवड्याच्या अखेरीस असतो. चांगले अंगावर पिणारे मूल एकाएकी ओढेनासे होते, त्याचा जबडा मिटतो, अंग ताठते, आणि नुसत्या स्पर्शाने वा आवाजाने ते धनुष्यासारखे वाकते. सटवाईची रात्र आणि या रोगाची वेळ इतकी जवळजवळ पडते की, पूर्वजांनी अनुभवाने ओळखलेला धोकाच देवतेच्या रूपाने पूजेत उतरला असावा, असे आम्हास वाटते. हा आमचा तर्क आहे, पुरावा नव्हे. मात्र असा अनुभव केवळ आपलाच नाही. स्कॉटलंडच्या पश्चिमेस अटलांटिक महासागरात सेंट किल्डा नावाचे एक एकाकी बेट आहे. एकोणिसाव्या शतकात तेथील बालके आठवड्याच्या सुमारास याच रोगाने दगावत, आणि तेथे तर रोगाचे नावच ‘आठ दिवसांचा आजार’ असे पडले होते.

कारण साधे होते. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. नाळ विळ्याने किंवा बांबूच्या पात्याने कापली, वर राख वा शेण लावले, की जंतूंना आत शिरण्यास वाट मिळे. सेंट किल्डावर १८९० नंतरच्या दशकात नाळेची जंतुनाशकाने निगा राखू लागल्यावर तो आजार हटला. आपल्याकडे गर्भवतीला प्रतिबंधक लस टोचण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळली. आईच्या रक्तातील प्रतिकारशक्ती वारेतून बाळाला मिळते, म्हणून सुई आईला आणि संरक्षण बाळाला. भारतातून हा रोग सार्वजनिक प्रश्न म्हणून नाहीसा झाल्यावर २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिक्कामोर्तब केले. सटवाईच्या लेखणीतील एक ओळ पुसली गेली, असे म्हणावयास हरकत नाही.

असे काही सांगू लागले की सगळा दोष सुइणीच्या माथी मारण्याची आपल्या सुशिक्षितांना सवय आहे. त्यांनी व्हिएन्ना शहरातील एक हकीकत ध्यानात ठेवावी. तेथील मोठ्या रुग्णालयात बाळंतपणाचे दोन विभाग होते. एकात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी शिकत. पहिल्या विभागात बाळंतज्वराने इतक्या स्त्रिया मरत की, आम्हाला सुइणींकडे ठेवा म्हणून बायका गयावया करीत. १८४७ मध्ये सेमेलवाइस या तरुण डॉक्टरने कारण शोधले. विद्यार्थी शवविच्छेदन करून त्याच हातांनी बाळंतिणीला तपासत होते. त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली आणि मृत्यू झपाट्याने घटले. त्याच्या व्यवसायबंधूंनी मात्र त्याचे म्हणणे लवकर मानले नाही. तेव्हा मळके हात अडाण्याचेच असतात असे नाही.

महाराष्ट्रात या विषयाचा आरंभ आम्ही एका दहा दिवसांच्या मुलापासून मानतो. कल्याणात १८६५ मध्ये जन्मलेल्या यमुनेचे लग्न नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांच्याशी झाले आणि ती आनंदीबाई झाली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. योग्य उपचार मिळाले नाहीत, आणि मूल दहा दिवसांत गेले. अशा मातांची गणना त्या काळी कोणी करीत नव्हते. घरोघरी असे होई आणि दुसरे मूल झाले की पहिल्याची आठवण बुजे. आनंदीबाईंनी ती बुजू दिली नाही. १८८३ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या, ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली, आणि प्रबंधाला विषय निवडला तो हिंदू आर्यांमधील प्रसूतिशास्त्राचा. परत आल्यावर २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, एकही रुग्ण तपासण्याची संधी लाभण्यापूर्वी, त्या पुण्यात निवर्तल्या. वय बावीसही पुरे नव्हते.

त्याच सुमारास, १८८६ मध्ये, मुंबईत स्त्रियांसाठी कामा रुग्णालय उघडले. १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात सेवासदन सुरू झाले आणि स्त्रियांना परिचारिकेचे व सुईणपणाचे शिक्षण मिळू लागले. शहरांची सोय हळूहळू होत गेली. खेड्यांची झाली नाही.

येथून आम्ही एकदम गडचिरोलीस जातो, कारण खरी गोष्ट तेथे घडली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ ही संस्था त्या जिल्ह्यात काढली. १९९३ पासून त्यांनी ३९ गावांत नवजात बालकांच्या मृत्यूंची नीट नोंद ठेवावयास आरंभ केला. जवळजवळ सर्व बाळंतपणे घरीच होत. १९९५-९६ मध्ये ७६३ बालकांना घरोघरी जाऊन पाहिले, तेव्हा आढळले की निम्म्याहून अधिक बालकांना उपचारांची गरज होती, आणि ते मिळाले शंभरात तिघांनाही नाही. रुग्णालय दूर, हाती पैसा नाही, आणि ओल्या बाळंतिणीला सोयरात घराबाहेर काढावयाचे नाही. मूल दवाखान्यात जात नसेल तर दवाखान्याने मुलाकडे जावे, एवढा सरळ विचार त्यांनी केला. परंतु तो अमलात आणणे सरळ नव्हते.

त्यांनी गावातल्याच, पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. सुईण बाळंतपण करी. आरोग्यदूत बाळ सांभाळी. जन्मताच न रडणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यावा, वजन कसे करावे, लहानखुऱ्या बाळाला ऊब कशी द्यावी, मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास असले तर धोका कसा ओळखावा, हे त्यांना शिकवले. जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला इंजेक्शन देण्याचे कामही त्यांच्याकडे सोपवले, आणि हे पाहून पुष्कळ डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या.

आम्हाला यात सर्वांत मोलाची वाटते ती खुणांची यादी. आधी जोरात रडणारे बाळ आता क्षीण रडते वा रडतच नाही. अंगावर ओढणे कमी झाले. हातपाय लुळे पडले. अंग हाताला गार किंवा कढत लागते. पोट फुगले किंवा सारखी उलटी होते. श्वास घेताना छाती आत ओढली जाते. बेंबीत पू झाला. या खुणांना यंत्र लागत नाही. चोवीस तास बाळाजवळ असणारी पहिलटकरीण त्या सर्वांच्या आधी पाहते. फक्त पाहिलेल्याचा अर्थ तिला कोणी सांगितलेला नसतो. ‘कालच्यापेक्षा आज काहीतरी वेगळे आहे’ असे ती म्हणते, आणि घरातील मोठी माणसे तिला गप्प करतात. गडचिरोलीत तिच्या म्हणण्याला वजन आले.

परिणाम डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या ३९ गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण दर हजारी ६२ होते, ते सुमारे २५ वर आले. शेजारच्या ज्या ४७ गावांत हे काम नव्हते, तेथे ते ६० च्या आसपासच राहिले.

जुन्या चालीरीतींचा हिशेब करताना सरसकट निकाल देता येत नाही. टोपडे-कुंची, आईच्या कुशीत बाळ, खोलीत वारा येऊ न देणे, यांतील उबेची जाण अगदी बरोबर होती. कोलंबियातील बोगोटा येथे १९७८ मध्ये काचेच्या पेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा एडगर रे यांनी कमी वजनाची बाळे आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवली, आणि जगाने त्याला नवी पद्धत म्हटले. आपल्या आज्यांना त्यात नवे काही वाटले नसते. धुरी आणि शेगडीचा धूर मात्र बाळाच्या फुप्फुसांना घातकच. जन्मल्याबरोबर ओल्या बाळाला न्हाऊ घालणे तसेच. त्याने ते गारठते. आणि चीक पिळून टाकून मध वा गूळपाणी चाटवणे, ही तर मोठीच चूक. पहिल्या दोन-तीन दिवसांचे ते पिवळसर दूध थोडे असते, पण रोगप्रतिकारक द्रव्यांनी भरलेले असते. १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्धपेढी काढली, ती आशियातील पहिली. ज्या बाळाच्या आईला दूध येत नाही, त्याला दुसऱ्या आईचे मिळावे, ही त्यामागील कल्पना.

२०११ मध्ये भारत सरकारने घरी नवजात बालकाची निगा राखण्याचा कार्यक्रम आशा कार्यकर्त्यांवर सोपवला. आता बहुतेक बाळंतपणे रुग्णालयात होतात, पण आई दोन-तीन दिवसांत घरी येते, आणि उरलेले दिवस पूर्वीसारखेच तिच्या एकटीच्या अंगावर पडतात. आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते. बाळंतपण घरी झाले असेल तर पहिल्याही दिवशी. पिशवीत वजनकाटा, तापमापक आणि घड्याळ असते. ती दारात आधी हात धुते, मग बाळ घेते. सातव्या आणि चौदाव्या दिवसाच्या मध्ये बारसे येते, आणि पुढच्या खेपेला नोंदवहीत ‘बाळ’ या शब्दाच्या जागी नाव लिहावयाचे असते.