पुढच्या भागापर्यंत

१ मे १८४१ रोजी फिलाडेल्फियाच्या ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’मध्ये एडगर ॲलन पो यांनी एका कादंबरीवर लिहिलं. ती कादंबरी तेव्हा पुरी झालेलीच नव्हती. चार्ल्स डिकन्स यांची ‘बार्नबी रज’ त्या फेब्रुवारीपासून लंडनमध्ये आठवड्याच्या हप्त्यांनी निघत होती. समुद्रापलीकडे पो यांच्या हाती फक्त सुरुवातीची प्रकरणं आली होती. कथेच्या आरंभीच मेपोल नावाच्या खानावळीत सॉलोमन डेझी हा चर्चचा कारकून बावीस वर्षांपूर्वीच्या खुनाची हकीगत सांगतो. जमीनदार रूबेन हेअरडेल मारला गेला, त्याच रात्री त्याचा कारभारी रज आणि माळी असे दोघेही नाहीसे झाले. काही महिन्यांनी तळ्यात एक प्रेत सापडलं. चेहरा ओळखण्यापलीकडे गेला होता, पण कपडे, घड्याळ आणि अंगठी कारभाऱ्याची होती. म्हणून कारभारी मेला आणि माळी खुनी, असं गावाने धरलं. पो यांनी छापून टाकलं की खुनी कारभारीच आहे. माळ्याला मारून त्याच्या अंगावर आपले कपडे चढवून तो पळाला. नोव्हेंबरात कादंबरी संपली तेव्हा हे बरोबर ठरलं.

या अटकळीत मला तिच्या अचूकपणापेक्षा तिचा आधार मोलाचा वाटतो. पो यांनी नेमकं हे हेरलं की कारभाऱ्याचं प्रेत सापडल्याचं डिकन्स स्वतः कुठेही सांगत नाहीत, ते एका पात्राच्या तोंडी घातलेलं आहे. पात्र चुकू शकतं, ऐकीव गोष्टीला खरं मानू शकतं. लेखकाने मात्र स्वतःच्या आवाजात खोटं सांगायचं नाही. त्या वेळी रहस्यकथेचे नियम कोणी लिहून ठेवलेले नव्हते. स्वतः पो यांचीच ‘द मर्डर्स इन द रू मॉर्ग’ ही कथा जेमतेम महिनाभरापूर्वी आली होती, आणि आधुनिक गुप्तहेरकथेची सुरुवात तिच्यापासून मोजतात. तरीही लेखक आणि वाचक यांच्यात एक न लिहिलेला करार आहे, हे पो गृहीत धरून चालले. माझं म्हणणं असं की हप्त्यांनी येणाऱ्या रहस्याबद्दल अटकळी बांधण्याची रीत या करारावर उभी आहे. तिच्याकडे नुसता फावल्या वेळेचा चाळा म्हणून पाहिलं तर पावणेदोनशेहून अधिक वर्षांचा तिचा इतिहास कळत नाही. ती वाचनाचीच, आणि पुढे पाहण्याची, एक पुरी पद्धत आहे: मजकूर बारकाईने वाचायचा, त्यावर निष्कर्ष काढायचा, तो चारचौघांत मांडायचा आणि पुढच्या हप्त्याने तपासून घ्यायचा.

पो यांच्या अटकळीचा एक भाग चुकलाही. मयताच्या भावाने, जेफ्री हेअरडेलने, हा खून करवला असं त्यांना वाटलं होतं. तसं काही निघालं नाही. फेब्रुवारी १८४२च्या ‘ग्रॅहॅम्स मॅगझिन’मध्ये त्यांनी पुऱ्या कादंबरीचं परीक्षण केलं, तेव्हा बार्नबीच्या पाळीव डोमकावळ्याचा उपयोग कथेत आणखी खोल व्हायला हवा होता, त्याच्या ओरडण्यात भविष्याची सूचना ऐकू यायला हवी होती, असंही लिहिलं. म्हणजे एकाच माणसाच्या अटकळीत दोन जाती दिसतात. एक खुणांवरून काढलेली, दुसरी आपल्याला कथा कशी हवी होती त्यावरून रंगवलेली. पहिली कथेला बांधलेली असते, दुसरी स्वतःच्या कल्पनेला. दुसरीला कमी लेखावं असं मला वाटत नाही. जानेवारी १८४५मध्ये पो यांची ‘द रेव्हन’ ही कविता आली. डिकन्स यांच्या कावळ्याकडून न झालेलं काम तिथे दुसऱ्या कावळ्याने केलं, असं मानायला बरीच जागा आहे. पण वाद घालताना या दोन जाती वेगळ्या ठेवाव्या लागतात. पुढच्या दीड शतकातली बहुतेक भांडणं त्यांची सरमिसळ झाल्याने झाली.

ही रीत फोफावली ती हप्त्यांमुळे. डिकन्स यांच्या ‘पिकविक पेपर्स’ने १८३६ पासून महिन्याला एक शिलिंगाचा अंक, बत्तीस पानं, आत चित्रं, असा साचा रुजवला. पुरं पुस्तक परवडणार नाही अशा घरातही अंक येऊ लागला, आणि मुख्य म्हणजे तो सगळ्यांच्या हाती एकाच वेळी येऊ लागला. पुस्तक वाचणारा प्रत्येकजण वेगळ्या पानावर असतो. अंक वाचणारे सगळे एकाच पानावर येऊन थांबतात. त्या थांबण्यातून चर्चा होते. आपल्याकडेही हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’मधून हप्त्याहप्त्याने आली, आणि ‘क्रमशः’ हा शब्द मराठी वाचकाच्या जिभेवर बसला. तिची नायिका यमू हिचं पुढे काय होणार ही काळजी आणि खुनी कोण हा प्रश्न एक नव्हेत, हे खरं. पण अंक मिटल्यावर कथा वाचकाच्या डोक्यात चालू राहते, ती दोन्हीकडे सारखीच.

यावर पहिला आक्षेप बाजारातून येतो: ही उत्सुकता वाचकाची नव्हे, विक्रेत्याने भडकवलेली. आक्षेपाला पुरावा भक्कम आहे. १९०५मध्ये एडगर वॉलेस यांनी ‘द फोर जस्ट मेन’ स्वतःच छापली, शेवटची उकल राखून ठेवली आणि ती बरोबर सांगणाऱ्यांना ५०० पौंडांची बक्षिसं जाहीर केली. किती विजेत्यांना पैसे देणार याची मर्यादा घालायला ते विसरले, बरोबर उत्तरं ढिगाने आली आणि पुस्तक तुफान खपूनही ते कर्जात बुडाले. पुढे अमेरिकेत ‘डॅलस’ या दूरचित्रवाणी मालिकेने २१ मार्च १९८० रोजी जे. आर. यूइंगला गोळी लागलेली दाखवून हंगाम संपवला. नटांच्या संपामुळे पुढचे भाग लांबले आणि उत्तर आलं २१ नोव्हेंबरला. त्या रात्री अमेरिकेत सुमारे ८ कोटी ३० लाख लोकांनी ते पाहिलं. मधल्या आठ महिन्यांत गोळी कोणी झाडली यावर पैजा लागल्या, तोच प्रश्न छापलेले सदरे विकले गेले. बाजार होताच. पण बाजार भूक वाढवू शकतो, शून्यातून निर्माण करू शकत नाही. वॉलेस यांना बुडवलं ते वाचकांच्या बरोबर उत्तरांनी, हेही विसरता कामा नये. लोक नुसते उत्तेजित झाले असते तर उत्तरं चुकली असती. ते नीट वाचत होते.

करार खरा होता याचा सगळ्यात मोठा पुरावा मिळतो तो उत्तर कधीच आलं नाही तिथे. डिकन्स यांच्या ‘द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड’चे बारा मासिक अंक ठरले होते. एप्रिल १८७० मध्ये पहिला निघाला. ९ जूनला डिकन्स गेले. सहा अंकांपुरताच मजकूर होता, तो सप्टेंबरपर्यंत छापून संपला. तरुण एडविन नाहीसा झाला आहे, त्याचा मामा जॅस्पर अफूच्या आहारी गेलेला आहे, आणि पांढऱ्या केसांचा डॅचरी नावाचा कोणी अनोळखी माणूस गावात येऊन चौकशा करतो आहे. कथा इथे थांबते. मग लोकांनी काय करावं? त्यांनी अंकाचं मुखपृष्ठ समोर घेतलं. त्यावर तळाशी एक चित्र आहे: हातात कंदील घेतलेला माणूस अंधारात शिरतो आहे आणि समोर एक तरुण आकृती उभी आहे. हा तरुण एडविन असेल तर तो जिवंत आहे. वेषांतर केलेलं दुसरं कोणी असेल तर प्रकरण निराळं. चित्रकार ल्यूक फिल्ड्स यांनी १९०५मध्ये सांगितलं की जॅस्परच्या गळ्यातला रुमाल दुहेरी गुंडाळलेला काढा, असा डिकन्स यांचा आग्रह होता, कारण पुढे त्यानेच एडविनचा गळा आवळला गेला असं दाखवायचं होतं. एक रुमाल, त्याचे दोन वेढे, आणि त्यावर पस्तीस वर्षांनंतरही चाललेला वाद. ७ जानेवारी १९१४ रोजी लंडनमध्ये जॅस्परवर अभिरूप खटलाही भरला, न्यायाधीश जी. के. चेस्टर्टन होते आणि ज्यूरीचे प्रमुख बर्नार्ड शॉ. त्या संध्याकाळी थट्टा भरपूर झाली, पण साक्षीपुरावे कादंबरीच्या पानांतूनच निघाले. डिकन्स यांच्या मनात उत्तर होतं आणि त्यांनी ते पेरून ठेवलं होतं, या विश्वासाशिवाय हे कोणी केलं नसतं.

दूरचित्रवाणीवर ही रीत सगळ्यात श्रीमंत झाली ती ‘ट्विन पीक्स’मध्ये. डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट यांची ही मालिका ८ एप्रिल १९९० रोजी एबीसीवर सुरू झाली आणि पहिला भाग सुमारे साडेतीन कोटी अमेरिकनांनी पाहिला. लाकूडकापीच्या छोट्या गावात लॉरा पामर या शाळकरी मुलीचं प्रेत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं सापडतं. एफबीआयचा डेल कूपर येतो आणि तिच्या नखाखालून चिमट्याने कागदाचा बारीक कपटा काढतो, त्यावर एकच अक्षर. घराघरांत व्हीसीआर आलेला असल्याने ही मालिका मागेपुढे करून, चित्र थांबवून पाहता आली. डिकन्सच्या वाचकाला मागचा अंक उघडता येत होता. दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकाला तोवर ते साधन नव्हतं. आता ते मिळालं, आणि स्वप्नातल्या ठेंगण्या माणसाच्या लाल खोलीपासून कॉफीच्या कपापर्यंत प्रत्येक गोष्टीला पुराव्याचा दर्जा आला.

इथे माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात कठीण आक्षेप उभा राहतो. या मालिकेतला बॉब, म्हणजे खुनामागची ती भयाण आकृती, मुळात कोणी योजलेलीच नव्हती. फ्रँक सिल्वा हे चित्रीकरणात सामानसुमान मांडणारे कलाकार होते. लॉराच्या खोलीतली हलवाहलव करताना लिंच यांचं त्यांच्याकडे लक्ष गेलं आणि त्यांनी त्यांना पलंगाच्या पायाशी दडून बसायला लावून एक दृश्य घेऊन ठेवलं, कशासाठी ते न ठरवता. नंतर पामरांच्या बैठकीच्या खोलीत लॉराची आई किंचाळून उठते ते दृश्य झालं, तेव्हा ते वाया गेलं असं छायाचित्रकाराने सांगितलं: आरशात कोणाचं तरी प्रतिबिंब आलं होतं. ते सिल्वांचंच होतं, आणि लिंच यांनी ते ठेवलं. मग प्रेक्षक कशाचा शोध घेत होते? जे खुद्द कर्त्यांनाही ठाऊक नव्हतं त्याचा?

मला वाटतं, उत्तर त्याच आरशात आहे. योगायोग बाहेरून आला, पण एकदा पडद्यावर ठेवल्यावर त्याच्याशी इमान राखायचं बंधन कर्त्यांवर आलं आणि त्यांनी ते राखलं. १० नोव्हेंबर १९९०च्या भागात खुनी उघड होतो तो त्याच घराच्या त्याच खोलीत: लॉराचा बाप लेलंड आरशासमोर उभा राहतो आणि आरशात बॉबचा चेहरा दिसतो. शिवाय त्याच्या कितीतरी आधी, २३ मेच्या भागात, लेलंड उशीने एका संशयिताचा जीव घेताना सगळ्यांनी डोळ्यांदेखत पाहिला होता. मुलीच्या दुःखाने वेड्या झालेल्या बापाचा सूड म्हणून ते सोडून दिलं गेलं. अगदी तळ्यातल्या प्रेताच्या कपड्यांसारखं. मालिकेने खोटं सांगितलं नव्हतं. दयेपोटी आपणच चुकीचा अर्थ लावला होता. करार म्हणजे सगळं आधीपासून ठरलेलं असणं नव्हे. दाखवलेलं नंतर नाकारायचं नाही, एवढाच तो आहे.

खुनी इतक्यात सांगायचा लिंच यांचा विचार नव्हता. वाहिनीच्या दबावापुढे ते नमले. सोन्याची अंडी देणारी कोंबडी मारली, असं ते पुढे म्हणत राहिले. त्यांच्याबद्दल पुरा आदर ठेवूनही मला हे पटत नाही. खुनी कळला तो एकंदर तीस भागांपैकी पंधराव्यात. उरलेल्या भागांत मालिका ढेपाळली ती उत्तर दिल्याने नव्हे, त्याच्या तोलाचा दुसरा प्रश्न तयार नसल्याने. शनिवार रात्रीची गैरसोयीची वेळ होतीच. १० जून १९९१ला ती संपली. अटकळ बांधणाऱ्याला उत्तराची घाई असते हा गैरसमज आहे. ड्रूडचे वाचक पिढ्यानपिढ्या थांबले. पण उत्तर अस्तित्वातच नाही अशी शंका आली की तो उठून जातो, आणि त्याने जावंच. २००४ साली सुरू झालेल्या ‘लॉस्ट’च्या निर्मात्यांना हे लवकर कळलं, मालिका २०१० मध्ये संपणार हे त्यांनी वाहिनीकडून २००७ मध्येच जाहीर करवून घेतलं. शेवट कुठे आहे ते ठरलं की प्रेक्षक पुन्हा विश्वासाने वाट पाहायला तयार होतो.

१ फेब्रुवारी २०१३ रोजी नेटफ्लिक्सने ‘हाउस ऑफ कार्ड्स’चे तेराही भाग एकदम खुले केले, तेव्हा हे सारं संपेल असं वाटण्याजोगी परिस्थिती होती. मधला आठवडाच नाहीसा झाला. ज्याने त्याने आपापल्या वेगाने पाहायचं, म्हणजे सगळे पुन्हा वेगवेगळ्या पानांवर. तरीही २१ मे २०१७ पासून ‘ट्विन पीक्स’ परत आली ती आठवड्याच्या हप्त्यांनीच. ३ सप्टेंबरला अखेरच्या भागात कूपर एका बाईला घेऊन पामरांच्या दाराशी जातो. दार उघडणाऱ्या बाईला पामर नावाचं कोणी ठाऊक नाही. दोघं रस्त्यावर येतात, कूपर हे कोणतं वर्ष म्हणून विचारतो, आतून लॉराच्या आईची हाक अस्पष्ट ऐकू येते, बरोबरची बाई किंचाळते, आणि घरातले दिवे एकदम जातात.