मौजे, परगणे, सरकार : वऱ्हाडी कागदांतील शब्दक्रम

मोडी कागदांत विरामचिन्हें नसतात व शब्दही तोडून लिहिलेले नसतात. तेव्हां 'मौजे अमुक परगणे बाळापूर सरकार नरनाळा सुभे वऱ्हाड' ही ओळ कोठें तोडावयाची, हें वाचणाऱ्यासच ठरवावें लागतें. मराठीत विशेषनाम आधीं येतें; आपण 'अकोला जिल्हा', 'अमरावती शहर' म्हणतों. त्या संवयीनें तोडल्यास गांवाचा परगणा होतो, बाळापुराचें सरकार, नरनाळ्याचा सुभा. आरंभींचें 'मौजे' व शेवटचें 'वऱ्हाड' मात्र निराधार राहतात.

वस्तुतः हा क्रम फारसीचा. तींत सामान्यनाम आधीं येतें व 'इजाफत' नांवाच्या लहानशा स्वरानें पुढील पदास जोडलें जातें. 'मौजे', 'परगणे', 'किल्ले' यांतील एकार हा आमच्या मतें त्याचाच अवशेष होय. हीं अनेकवचनें नव्हत. 'सरकार' या पदावर तेवढीही खूण उरली नाहीं. तेथें क्रम हाच एक आधार. १५९६ त वऱ्हाड मोंगलांकडे गेला. त्यानंतरच्या 'ऐने अकबरी'तील तक्त्यांत अकोला व बाळापूर नरनाळा सरकारांत, आणि एलिचपूर गाविल सरकारांत आहे. तो तक्ता वाचकानें जवळ ठेवावा.

लॅटिनास संस्कृताप्रमाणें विभक्ति आहेत. 'अ‍ॅनो डॉमिनी' यांत वर्ष आधीं, प्रभु मागून. पण 'वर्षे प्रभोः' म्हणा कीं 'प्रभोर्वर्षे', अर्थ ढळत नाहीं. इंग्रजीनें विभक्ति बहुतेक टाकल्या, म्हणून तिला स्थानाचा आश्रय करावा लागतो. तरी 'कोर्ट मार्शल', 'गव्हर्नर जनरल' यांत विशेषण मागें आहे, तें फ्रेंचाच्या वळणानें. आमच्या मौजे-परगण्यांचे हे सख्खे नातलगच!

कालगणनेंतही सावध असावें. 'खमस अशरीन मया व अलफ' म्हणजे पांच, वीस, शंभर, हजार; संस्कृतज्ञांस ही वामगति नवी नाहीं. शुहूर ११२५ त ५९९ मिळवितां इ. स. १७२४ येतें, म्हणजे साखरखेर्ड्याच्या लढाईचें साल.

हें आम्ही स्वानुभवानें लिहितों. तीस वर्षांपूर्वी एका देशमुखी दप्तरांतील सनद उतरून घेतांना आम्हीं नांवें मराठी क्रमानें पुढेंमागें केलीं आणि कित्येक ठिकाणचें 'मौजे' हें पद लेखकप्रमाद समजून गाळलें. मूळ कागद पुढें वाळवीनें खाल्ला. आतां आमची 'शुद्ध' नक्कल तेवढी उरली आहे, आणि तींतील कोणतें गांव कोणत्या परगण्याचें, हें आम्हांसच सांगतां येत नाहीं. बाळापूर-अकोट भागांतील तशा सनदेची दुसरी प्रत कोणा संग्राहकाजवळ असल्यास त्यांनीं ती आम्हांस ताडून पाहूं द्यावी. या खेपेस अक्षर अक्षर जसेंच्या तसें उतरूं.